शेवटी काय म्हणाले?

आमच्या वॉर्डात माणसं बरी व्हायला येत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणाला उगाच आशा लागायला नको. कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटसाठी नाशिकमधल्या एका लहानशा दवाखान्यात हा बारा खाटांचा वॉर्ड आहे आणि मी तिथे एकोणीस वर्षं सिस्टर आहे. दुखू द्यायचं नाही, जखमा स्वच्छ ठेवायच्या, तोंड कोरडं पडू द्यायचं नाही आणि वेळ आली की शेजारी बसायचं, एवढंच आमचं काम. नातेवाईक विचारतात, कसं गं जमतं तुला? मी म्हणते, तुम्ही ऑफिसात साहेबाची बोलणी खाता ते कसं जमतं, तसंच.

मी तशी फटकळ. आमचं माहेर मखमलाबादच्या बाजूचं, फुलं आणि भाजीपाला करणारं. आई झेंडूच्या पाट्या घेऊन बाजारात बसायची आणि गिऱ्हाइकानं भाव पाडून मागितला की त्याच्या सात पिढ्यांची चौकशी करायची. तोंड मला तिच्याकडून आलं, आणि देवभोळेपणाही तिच्याचकडून. दर सोमवारी मी गंगेवर जाते. आम्ही नाशिकचे लोक गोदावरीला गंगाच म्हणतो. रामकुंडावरून एक बाटली भरून आणायची आणि वॉर्डातल्या कपाटात खालच्या फळीवर ठेवायची, शेजारी डबीत तुळशीची पानं. सध्या कुंभमेळ्याच्या तयारीसाठी तिकडचे रस्ते खणून ठेवलेत, रिक्षावाले कुठून कुठे फिरवून नेतात, तरी माझा सोमवार चुकत नाही.

ज्या माणसाबद्दल लिहायचंय त्याचा आणि माझा ओळखीचा दिवस या बाटलीवरून भांडणानं उगवला. त्या माणसाचे आभार मी त्याच्या तोंडावर धड मानले नाहीत. ते राहून गेलं, म्हणून लिहायला बसले.

ते मनमाडचे निवृत्त रेल्वे गार्ड. वय चौऱ्याहत्तर, स्वादुपिंडाचा कॅन्सर, बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. आम्ही त्यांना गार्डसाहेब म्हणायचो. मूळचे देवळा तालुक्यातले, कांदा पिकवणाऱ्या घरातले. त्यांच्याहून सहा वर्षांनी थोरले भाऊ अजून तिकडेच शेती बघतात. धाकट्याला दाखल करायला तेच आले होते. पांढरी टोपी, पांढरं धोतर, हातात देवीच्या अंगाऱ्याची पुडी. कागदपत्रं झाल्यावर त्यांनी मला व्हरांड्यात बाजूला घेतलं.

"ताई, त्यो काय मानत नाय," म्हातारबाबा हळू आवाजात म्हणाले. "पोरपनापासून डोकं फिरेल हाय त्याचं. देव नाय म्हनतो, आत्मा नाय म्हनतो. पन मानूस लय चांगला. तुम्ही एक करा. शेवटाला त्याच्या कानात रामाचं नाव सांगा, गंगेचं पानी घाला. नाय तं तो मेल्यावर असाच फिरत ऱ्हाईल. मला रातची झोप नाय या काळजीनं."

त्यांचे डोळे भरून आले होते. मी त्यांचा हात दाबला आणि म्हटलं, "बाबा, माझ्यावर सोडा. शब्द दिला."

उचलली जीभ लावली टाळ्याला. पण त्या वेळी मला त्यात काही वावगं वाटलं नाही. एकोणीस वर्षं मी तेच करत आले होते.

चौथ्या दिवशी दुपारी गार्डसाहेबांची तब्येत एकदम ढासळली. हाक मारली तर ओ नाही, डोळे अर्धे मिटलेले, श्वासात खंड. अशी लक्षणं मी शेकडो वेळा पाहिलीत. मला वाटलं, निघाले. भाऊ तर देवळ्याला. मी कपाटाकडे धावले, बाटली काढली, कापसाच्या बोळ्यानं दोन थेंब त्यांच्या जिभेवर सोडले, तुळशीचं पान ठेवलं, आणि कानाशी वाकून म्हटलं, "साहेब, राम म्हणा. राम."

साहेबांना जोराचा ठसका लागला. मी घाबरून त्यांना कुशीवर वळवलं. ते खोकले, खोकले, मग तुळशीचं पान थुंकून टाकलं आणि डोळे उघडून माझ्याकडे बघायला लागले. म्हणजे अगदी नीट, रोखून.

"काय घातलंत तोंडात?"

"पाणी."

"कुठलं?"

"रामकुंडाचं," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ऐकू येईना.

त्यांनी थोडा दम घेतला. मग विचारलं, "उकळलं होतं का?"

पलीकडच्या खाटेवरच्या आजी तोंडाला पदर लावून हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि असं झालं की मी काय करते, तर चिडते. "तुमच्या भावानंच सांगितलं होतं," मी म्हटलं. "मी तुमचं भलंच बघत होते. वैरीण नाही मी तुमची."

"भावाला मी ओळखतो," ते म्हणाले. "तुम्हाला मी चार दिवस बघतोय. शुद्धीवर होतो तेव्हा एकदा तरी विचारलं असतंत? हात धरून ढकलता येत नाही, तोंड मिटता येत नाही, अशा वेळी गाठलंत मला." आणि ते भिंतीकडे तोंड करून झोपले.

रक्ताच्या तपासणीत निघालं की त्यांचं सोडियम उतरलं होतं. सलाईनवर आले ताळ्यावर. म्हणजे ती शेवटची वेळ नव्हतीच, आणि अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या घशात पाणी सोडणं ही सिस्टर म्हणूनही माझी घोडचूक होती. फुफ्फुसात गेलं असतं तर? नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलीला मी याबद्दल फाडून खाल्लं असतं.

दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतं बोलले. इंजेक्शन, बीपी, झालं का, नाही झालं, बस. रागही त्यांच्यावरच. काय मोठे लागून गेलेत, एवढ्या लोकांना दिलं पाणी, कुणी तक्रार केली का? मग स्वतःशीच म्हणायचे, अगं ते तक्रार करायला उरलेच कुठे होते.

शेवटी मी आमच्या मेट्रनबाईंकडे गेले. मेट्रनबाई ख्रिश्चन, नगरकडच्या, निवृत्तीला आलेल्या. माझी मागणी अशी होती की मला त्या खाटेची ड्युटी नको. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग कपातला चहा बशीत ओतत म्हणाल्या, "मी पण केलंय असं. तुझ्यापेक्षा लहान होते तेव्हा."

कुठल्याशा दवाखान्यात दोन महिन्यांचं एक बाळ शेवटच्या घटका मोजत होतं. मेट्रनबाईंनी आई बाहेर गेलीय असं बघून बाळाच्या कपाळावर पाण्यानं क्रूस काढला आणि प्रार्थना म्हटली. वळून बघतात तर आई दारात. हिंदू बाई, हातात दुधाची वाटी. पुढे येऊन तिनं पदरानं बाळाचं कपाळ पुसलं आणि त्याला उचलून घेतलं.

"मी ते प्रेमानंच केलं होतं," मेट्रनबाई म्हणाल्या. "देवाशपथ. पण तिनं कपाळ पुसलं ते मला अजून दिसतं. जा, माफी माग त्या माणसाची. ड्युटी बदलून मिळणार नाही."

माफी मागायची मला सवय नाही. मी कपडे बदलायची ट्रॉली घेऊन गेले आणि चादर ओढता ओढता म्हटलं, "त्या दिवशी माझं चुकलं."

"काय चुकलं?" गार्डसाहेब म्हणाले. सोडणारे नव्हते.

"तुम्हाला न विचारता पाणी घातलं."

"बरं," ते म्हणाले. "आता पुन्हा पाणी द्या. नळाचं. तहान लागलीय." आणि हसले. तिथून आमची दोस्ती झाली.

माझ्या ड्युटी रूमच्या भिंतीवर एक तक्ता होता. नव्या सिस्टरांसाठी मीच केलेला. कुठल्या धर्माच्या माणसाला शेवटच्या वेळी काय लागतं, तो मुसलमान असेल तर खाट कुठल्या दिशेला वळवायची आणि घरच्यांना कलमा म्हणायला कशी जागा करून द्यायची, ख्रिश्चन असेल तर फादरना कधी बोलवायचं, बौद्ध असेल तर त्रिशरण, जैन असेल तर णमोकार, शीख असेल तर केसांना कात्री लावायची नाही, असं सगळं रंगीत पेनांनी. सगळ्यात खाली ओळ होती, "काहीही न मानणारे". तिच्यापुढे मी लिहिलं होतं, "लागू नाही".

गार्डसाहेबांना मी तो तक्ता काढून दाखवला. म्हटलं, तुमच्या ओळीत काय लिहू ते तुम्हीच सांगा. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला. बराच वेळ वाचला. मग म्हणाले, "छान केलाय. यांच्यासाठी एवढं करता?" आणि माझ्याकडून पेन घेऊन, "लागू नाही" खोडून, थरथरत्या अक्षरात एकच शब्द लिहिला. "विचारा."

"एवढंच?"

"वरच्या ओळींतही लिहा हवं तर. एकाच देवळात जाणाऱ्या दोन माणसांना सारखंच हवं असतं असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

मला ते पटलं. तेव्हापासून मी विचारते. आणि गंमत म्हणजे विचारायला लागल्यावर मला कळलं की मला काहीच माहीत नव्हतं. रोज तास न् तास जप करणाऱ्या एका बाईंनी सांगितलं, शेवटी मला जप नको, माझ्या बहिणीला बोलवा, तिच्याशी अबोला आहे. एका जुन्या शीख ड्रायव्हरकाकांना गुरुबाणी हवी होतीच, पण मोबाइलवरची नको, मुलाच्या आवाजातली हवी, मुलगा बेसूर असला तरी. न विचारता हे मला सात जन्मांत कळलं नसतं.

गार्डसाहेब सहा आठवडे राहिले. दुपारी औषधं वाटून झाली की मी त्यांच्या खाटेशी स्टूल ओढायचे आणि आमची जुंपायची. वॉर्डातली बौद्ध मावशी, साफसफाई करणारी, तीही फडकं हातात घेऊन उभी राहायची. ते एकेकाला विचारायचे, मेल्यावर काय होतं सांगा. टिंगल नाही हां. खरंच ऐकायचे. मी सांगितलं, आत्मा जुनं अंग टाकतो, नवं घेतो. मेट्रनबाई म्हणाल्या, आम्ही बापाच्या घरी जातो. मावशी म्हणाली, "आमच्यात काय, तेल संपलं, वात संपली, दिवा गेला. गेला कुठं म्हणून इचारायचं नसतं. जिवंत हाय तवर नीट वाग, बस." औषधं घेऊन येणारे मुसलमान चाचा एकदा बसले होते. ते म्हणाले, "साहेब, ज्याचं आहे त्याच्याकडे परत जायचं. आपलं होतंच काय?"

"आणि तुमचं?" मी गार्डसाहेबांना विचारलं.

"माझं मावशीच्या जवळपास," ते म्हणाले. "मी गार्ड. गाडीच्या शेवटच्या डब्यातला माणूस. गाडी पोचली, माणसं उतरली, मी वहीत वेळ लिहिली, उतरलो. गाडी यार्डात जाते. यार्ड मी पाहिलंय. तिथं काही नसतं."

"भीती नाही वाटत?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीला मालगाडीवर असताना गाडी कुठल्यातरी आडरानात बाजूच्या रुळावर पाच पाच, सहा सहा तास उभी राहायची. मागच्या डब्यात एकटे. पुढे चाळीस-पन्नास डबे, इंजिन दिसतही नाही. वर सगळं आभाळ. "तिथे एके दिवशी एकदम वाटलं, वर कुणी नाही. कुणी बघत नाहीये, कुणी लिहून ठेवत नाहीये. मला वाटलं मी घाबरेन. पण सिस्टर, मला इतकं मोकळं वाटलं! आणि लगेच वाटलं, कुणी नाही तर मग गाडीतल्या माणसांची काळजी मलाच घ्यायला पाहिजे."

मी म्हटलं, "हे तुम्हाला सुचवलं कुणी? त्यानंच."

"ही पळवाट झाली," ते म्हणाले.

"असू दे. माझी आहे."

खूप हसले. हसताना पोट दुखायचं, तरी हसायचे. एकदा त्यांनी मला विचारलं, एवढी माणसं गेलेली पाहिलीत, सगळ्यात शांत कोण जातं, देव मानणारा की न मानणारा? मला खोटं सांगता आलं असतं. पण मी जे पाहिलं ते सांगितलं. एक मुसलमान आजी, अल्ला एकच म्हणून एक बोट वर करून, इतक्या शांत गेल्या की सुनेला कळलंही नाही. जन्मभर कीर्तन केलेले एक बुवा माझा हात सोडेनात, मला मरायचं नाही, मरायचं नाही म्हणत राहिले. एक कॉम्रेड काका होते, ते गाणं ऐकत गेले. एक दुसरे न मानणारे, ते भिंतीवर डोकं आपटत गेले. धर्मावरून काही सांगता येत नाही साहेब, मी म्हटलं. ज्याचं कुणाशी तरी नीट आहे, तो जरा बरा जातो, एवढंच मला दिसलं.

त्यावर त्यांनी चष्मा काढून उशाशी ठेवला. मग म्हणाले, "मला भावाची भीती वाटते."

मला वाटलं भांडण आहे. तसं नव्हतं. भाऊ दर आठवड्याला एसटीनं यायचे, घडी घातलेला रुमाल काढून याच्या कपाळाचा घाम पुसायचे. याचंही भावावर फार प्रेम. भीती वेगळीच होती. त्यांच्या गावात एक मास्तर होते. जन्मभर देव मानला नाही, लोकांची बोलणी खाल्ली, वाळीत टाकल्यासारखे राहिले. ते गेले तेव्हा घरच्यांनी गावभर सांगितलं, शेवटच्या घटकेला मास्तरांनी देवीच्या तसबिरीला हात जोडले. सगळं गाव म्हणालं, बघा, आलाच शेवटी ठिकाणावर. "मास्तर असं करणं शक्य नव्हतं," गार्डसाहेब म्हणाले. "मी आदल्या दिवशी भेटलो होतो त्यांना. पण मेलेला माणूस काय बोलणार? साठ वर्षं जगले ते एका वाक्यात पुसून टाकलं. माझा भाऊ माझ्याबद्दल तेच सांगणार. वाईट बुद्धीनं नाही. त्याला तसं पाहिजेच आहे."

"मग त्यांना सांगा ना तुम्ही."

"दहादा सांगितलं. बरं बरं म्हणतो आणि अंगारा लावतो." मग त्यांनी माझा हात धरला. हाताला नुसती हाडं. "सिस्टर, तुम्ही माझ्या शेजारी राहा. कानात काही सांगू नका, तोंडात काही घालू नका. मी विचारलं तर काय होतंय ते खरं सांगा. आणि नंतर मी जे बोललो असेन तेच लोकांना सांगा. जसंच्या तसं. तुम्ही देवाला मानता, म्हणून तुम्हालाच सांगतोय. माझ्यासारख्यानं साक्ष दिली तर कोण ऐकेल?"

मी हो म्हटलं. आणि मग घरी जाताना बसमध्ये माझ्या लक्षात आलं. दोन भावांना दोन उलटे शब्द देऊन बसले होते मी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. थोरल्यांना गाठून सांगायला हवं होतं की बाबा, मला तुमचं काम जमणार नाही. पण ते आले की टोपी काढून मला नमस्कार करायचे, "ताई, लक्षात हाय ना?" म्हणायचे, आणि माझी जीभ, जी एरवी कुणाच्या बापाला ऐकत नाही, ती लुळी पडायची. मी नुसती मान हलवायचे. भित्री निघाले मी, दुसरं काय.

तो दिवस बुधवारचा. सकाळपासून साहेबांचे पाय गार पडायला लागले होते. डॉक्टर बघून गेले, म्हणाले आज. मी देवळ्याला फोन लावला. बाबा म्हणाले, निघालोच. दुपारी एकला पुन्हा फोन केला तर एसटी चांदवडला बंद पडली होती, दुसऱ्या गाडीची वाट बघत होते.

मी दुसऱ्या खाटा बाकीच्यांकडे दिल्या आणि स्टूल ओढून बसले.

"काय चाललंय?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी खोल गेलेला.

"श्वासात खंड पडतोय," मी म्हटलं. "पाय गार आहेत. नखं निळी पडतायत. दुखतंय का?"

"नाही."

"इंजेक्शन आहे चालू. दुखणार नाही."

"भाऊ?"

"चांदवडला आहेत. गाडी बंद पडली. येतायत."

"बरं."

कपाट माझ्यापासून दहा पावलांवर होतं. खरं सांगते, एकोणीस वर्षांची सवय अंगात भिनलेली असते, माझे पाय आपोआप उठायला बघत होते. एक थेंब घातला तर काय बिघडणार आहे, आता त्यांना कळणारही नाही, म्हातारबाबांचा जीव तरी शांत होईल. मी दोन्ही हातांनी त्यांचा हात धरून ठेवला, तो त्यांच्यासाठी जेवढा, तेवढाच मला बसवून ठेवायला. मनात मात्र मी नाव घेतलं. ते माझं होतं, माझ्यासाठी. ओठ हलू दिले नाहीत.

अडीच वाजता त्यांनी डोळे उघडले. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"जेवलात का?"

"नाही," मी म्हटलं. खरंच नव्हते जेवले.

"जेवून घ्या," ते म्हणाले.

पुढे काही बोलले नाहीत. पावणेतीनला श्वास थांबला. मी घड्याळ बघून वेळ लिहिली, डोळे मिटले, आणि मग मला रडू आवरेना. एवढ्या वर्षांत मी पेशंटसाठी अशी हमसून हमसून रडले नव्हते. मावशीनं येऊन माझ्या पाठीवर हात ठेवला.

बाबा सव्वाचारला पोचले. मावशीनं त्यांना दारातच सांगितलं. ते सरळ खाटेशी आले, भावाच्या छातीवर डोकं ठेवून रडले. मग डोळे पुसून माझ्याकडे वळले. वॉर्डातली सगळी माणसं ऐकत होती, पलीकडच्या आजीसुद्धा.

"ताई, सांगितलं ना कानात? घेतलं ना त्यानं नाव? शेवटाला काय म्हनला?"

हा प्रश्न मला प्रत्येक नातेवाईक विचारतो, आणि याचं उत्तर माझ्या जिभेवर तयार असतं. हो, शांत गेले, नाव घेतलं. कित्येक घरांना मी हे सांगितलंय, खरं असो नसो. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा ताण असा सैल होतो की पाप वाटतच नाही. ऐंशी वर्षांचा म्हातारा समोर उभा होता. एक शब्द, फक्त "हो", आणि त्याला झोप लागली असती. त्या क्षणाइतका मोह मला आयुष्यात कसलाच झाला नाही.

"नाही बाबा," मी म्हटलं. "मी नाव सांगितलं नाही. पाणीही घातलं नाही. तुम्हाला शब्द दिला होता तो मी मोडला. त्यांनी माझ्याकडून उलटा शब्द घेतला होता, आणि जाणारे ते होते. मी तुम्हाला आधीच सांगायला पाहिजे होतं. माझी हिंमत झाली नाही."

ते एक पाऊल पुढे आले. मग मोठ्यानं म्हणाले, "एवढं एकच काम सांगितलं व्हतं तुला! एकच! आन् तू मान हलवत व्हती!"

"हो."

"आता त्याचं काय व्हईल?"

मी म्हटलं, "बाबा, ते घाबरले नाहीत. दुखलं नाही. मी हात धरून होते. एवढंच मला ठाऊक आहे."

ते खाटेच्या कडेवर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग खाली बघतच विचारलं, "मंग शेवटाला काय म्हनला तरी काय?"

"मला विचारलं, जेवलात का. मी नाही म्हटलं. तर म्हणाले, जेवून घ्या. तेवढंच. नंतर बोलले नाहीत."

बाबांनी मान वर केली. "तुला म्हनला?"

"हो."

"मंग जेवली का तू?"

"नाही बाबा. आता कशी जेवणार?"

हे कुणालाही सांगायला नको. मयत समोर असताना कुणी अन्नाला शिवत नाही. त्यांच्याकडे तर भावकीतसुद्धा चूल पेटत नाही. हे सगळं माझ्यापेक्षा शंभरपट पाळणारा तो माणूस. पण ते उठले. त्यांची पिशवी खाटेखाली ठेवली होती, ती ओढून त्यांनी एक फडकं बाहेर काढलं. बाजरीच्या दोन भाकरी, लसणाची चटणी, एक कांदा. वाटेत स्वतःसाठी बांधून घेतलेलं, गाडीच्या घोळात खायचं राहिलेलं. मला दंडाला धरून त्यांनी व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं, फडकं माझ्या मांडीवर पसरलं आणि कांदा बुक्कीनं फोडला.

"खा."

"बाबा, अहो..."

"खा म्हनतो ना. त्यानं सांगितलंय."

मी भाकरीचा तुकडा मोडला. डोळ्यांतून पाणी येत होतं, कांद्याचं की कशाचं ते देव जाणे. ते समोर उकिडवे बसून माझा प्रत्येक घास बघत होते. दुसरी भाकरी मी परत करायला गेले, तर ती त्यांनी पुन्हा माझ्या हातात दिली.

"घरी सगळे इचारतील, शेवटाला काय म्हनला म्हून," ते म्हणाले. "मी सांगेन. सिस्टरला जेव म्हनला. आन् ती माझ्यासमोर जेवली."